सहाव्या वर्षापासून पुढे

शिट्टी वाजली आणि मी एक पाय हवेत ठेवून थांबले.

समोरून येणारा माणूसही थांबला. त्याच्या एका हातात फाइल, दुसऱ्या हातात चहाचा कप, आणि चेहऱ्यावर आपण नक्की कोणता नियम मोडला याचा शोध. लांबलचक पॅसेजमध्ये आम्ही दोघंच. पाच सेकंद गेले. मग दुसरी शिट्टी. आम्ही आणखी थांबलो... म्हणजे आणखी थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण प्रयत्न केला.

बाजूच्या दारातून फोरमन बाहेर आले. "चला, चला. तुम्हाला नव्हती ती. शिट्ट्यांचा कारखाना आहे, दिवसभर वाजणारच."

फोरमन गेले. त्या माणसाने माझ्या पायाकडे बघितलं. "ठेवा आता खाली."

"तुमचा चहा सांडतोय."

"कधीचा सांडतोय. मला वाटलं, त्यासाठीच वाजवली."

मी हसले नाही. मी तिथे कामाला गेले होते आणि त्याच्या फाइलीवर माझ्याच फाइलीवरचं, मूल्यांकनाच्या कामाचं नाव होतं. याचा अर्थ हा शत्रुपक्षाचा माणूस होता.

शत्रुपक्ष म्हणजे ताई. कारखाना त्यांच्या वडिलांनी काढला, मागे दोन मुलं राहिली : मोठी ताई आणि धाकटे मालक. दोघं आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण शिट्टीतल्या गोळीवरून झालं होतं. शिट्टीत ती जी छोटी गोळी खुळखुळते, ती असावी असं मालकांचं मत, नसावी असं ताईंचं. एवढ्यावरून आठ वर्षं! पण मी काही बोलत नाही. आमच्या घरी खिडकी उघडी ठेवण्यावरून बारा वर्षं झाली आहेत.

आता ताईंना आपले शेअर मालकांना विकून बाहेर पडायचं होतं आणि स्वतःचा बिनगोळीच्या शिट्ट्यांचा कारखाना काढायचा होता. एका शेअरची किंमत किती, हा प्रश्न. त्यासाठी दोघांच्या वकीलकाकांनी करार लिहिला : प्रत्येकाने आपला एक मूल्यांकनकार नेमायचा, दोघांनी स्वतंत्रपणे आकडा काढायचा, बंद पाकिटात द्यायचा. दोन आकड्यांत दहा टक्क्यांपर्यंत फरक असेल तर सरासरी. त्याहून जास्त असेल तर तिसरा मूल्यांकनकार, आणखी सहा महिने.

मालकांची मूल्यांकनकार मी. ताईंचा तो.

करारासोबत एक घोषणापत्रही होतं. 'समोरच्या बाजूच्या कोणाशीही माझे वैयक्तिक संबंध नाहीत.' मी झोकात सही केली. पाच वर्षं मी आकडे काढत होते आणि सही आमच्या साहेबांची असायची. हा माझ्या सहीने जाणारा पहिला अहवाल होता. आईने पेन घेऊन दिलं होतं. असल्या अहवालात कुणी बोट ठेवलं तर दुसरा मिळत नाही, हे मला नीट माहीत होतं.

बसायला आम्हाला एकच खोली मिळाली, आणि खोलीत एकच टेबल. एकमेकांची पत्रकं दिसायला नकोत, म्हणून फोरमननी टेबलाच्या मधोमध कंपनीच्या जुन्या फायलींची भिंत रचली. पक्की, डोक्याच्या वर जाणारी भिंत. एकच गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही : आम्हाला ज्या फायली वाचायच्या होत्या, त्याच त्या होत्या.

त्यामुळे भिंत रोज थोडी खाली यायची. मंगळवारी त्याचे केस दिसले. गुरुवारी कपाळ.

"तुम्हाला एक विचारू का?" कपाळ म्हणालं.

"विचारा. पत्रक दाखवणार नाही."

"पत्रक नकोच. नुसतं बोलायचं. बोलू नका असं करारात कुठेच लिहिलेलं नाही... मी दोनदा वाचला."

"दोनदा?"

"दुसऱ्यांदा आशेने वाचला."

आमचं काम सांगायला सोपं आहे. कंपनी दरवर्षी पगार, माल, कर, नवीन यंत्रं असं सगळं भागवून हातात किती रोकड उरवेल, याचा अंदाज करायचा. ही मोकळी रोकड, फ्री कॅश फ्लो. पुढच्या वर्षीचे शंभर आजच्या शंभरापेक्षा हलके असतात, म्हणून प्रत्येक वर्षाची रोकड ठरलेल्या दराने कमी करत आजवर आणायची. बेरीज करायची, शेअरच्या संख्येने भागायचं. झालं. इथे कर्ज नव्हतं, पहिल्या पाच वर्षांचे अंदाज कंपनीचेच होते, आणि कमी करायचा दर करारातच ठरला होता : बारा टक्के. तेवढ्या एका गोष्टीवर भावंडांचं एकमत होतं, तेही वकीलकाकांनी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारलं म्हणून.

उरला एकच आकडा. पाच वर्षांनंतर, सहाव्या वर्षापासून पुढे कायम, ही रोकड दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल?

"मी साधारण चार धरतो," कपाळ म्हणालं.

"चार! कायम?"

"तुम्ही?"

"एक."

"एक?" तो म्हणाला. "तुम्हाला लहानपणी काही झालं होतं का?"

"तुम्ही शिट्ट्यांबद्दल बोलताय. रोज नवीन फोन येतात, त्यात सगळं वाजतं."

"मॅच चालू आहे, फाउल झाला, आणि पंच खिशातून फोन काढून पासवर्ड टाकतोय... धरा हं एक टक्का. धरा."

मला हसू आलं. भिंत होती म्हणून बरं.

त्या दिवसापासून तो मला 'एक टक्का' म्हणायला लागला, आणि मी त्याला 'चार टक्के'. आमची खरी नावं घोषणापत्रांवर होती. ती तिथे सुरक्षित होती.

दुसऱ्या आठवड्यात त्याचे डोळे आले.

मी तयार नव्हते. मी २०११ ची खरेदीची फाइल ओढली आणि पलीकडे एकदम डोळे. त्यांनाही कल्पना नसावी. आम्ही दोघांनी घाईघाईने खाली बघितलं, आणि मी पुढची दहा मिनिटं तांब्या-पितळेचे दर अतिशय लक्षपूर्वक वाचले. एक अक्षर कळलं नाही.

"मी हिशोब केलाय," मी फाइलीला म्हणाले. "चार टक्क्यांनी कायम वाढ धरली तर चारशे वर्षांनी हा कारखाना आजच्या पासष्ट लाख पट होतो. आज वर्षाला वीस लाख शिट्ट्या निघतात. म्हणजे तेव्हा पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला वर्षाला सोळाशे शिट्ट्या. तान्ह्या बाळालासुद्धा."

"चारात महागाई पण धरलेली आहे हो. सगळी वाढ शिट्ट्यांची नाही."

"बरं. महागाई काढून दर बाळामागे किती?"

"चारशे वर्षं कशाला मोजता पण?"

"'कायम' तुम्ही म्हणालात."

"कायम म्हणजे चारशे वर्षं नसतं."

"मग किती असतं?"

त्याचे डोळे भिंतीवरून माझ्याकडे आले आणि तिथेच राहिले. "माहीत नाही," तो म्हणाला. "मी अजून बघितलेलं नाही."

खिडकीच्या पत्र्यावर पावसाची भुरभुर सुरू झाली होती. तपासणी विभागातून एकामागून एक शिट्ट्या येत होत्या. मी आता त्यांना थांबत नव्हते. थांबायला हवं होतं, असं त्या क्षणी मात्र वाटलं.

मी विषय बदलला. म्हणजे, कामावर आणला. "वाढ फुकट येते का? खालच्या, पत्रा दाबणाऱ्या दोन्ही प्रेस तेवीस वर्षांच्या आहेत. पाच वर्षांच्या अंदाजात नवीन प्रेसचा छदाम धरलेला नाही. रोकड फुगलेली दिसते, कारण खर्च पुढे ढकललाय. जुन्या यंत्रावर कायम चार टक्के कशी वाढणार?"

भिंतीपलीकडे पेन चालल्याचा आवाज आला, मग थांबल्याचा, मग खोडल्याचा.

"रागावलात?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "ऐकतोय."

दुसऱ्या दिवशी तो मला तपासणी विभागात घेऊन गेला. तिथे मावशी बसतात. मावशींच्या हातात हवेची नळी असते. शिट्टी नळीला लावायची, वाजवायची, डाव्या किंवा उजव्या पेटीत टाकायची. गेली एकोणीस वर्षं.

"मावशी, तोंडाने का नाही वाजवत?" मी विचारलं. "लवकर होईल की."

मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी लगेच एक पाऊल मागे घेतलं. "उष्टी शिट्टी कोण तोंडात घालेल गं? तू घालशील? अगं, एका शाळेत चार सर असले तर चार लागतात. एक सर गेले, दुसरे आले, की नवीन. मैदान तेच, पोरं तीच... शिट्टी मात्र नवीन. लोक टॉवेल देतील एकमेकांना, शिट्टी नाही देत."

मी वही काढली. गेल्या वीस वर्षांची विक्री मी पाहिली होती आणि ती का पडत नाही, हे मला कळत नव्हतं. आता कळलं. जगात कितीही फोन येवोत, माणूस दुसऱ्याची शिट्टी तोंडात घालणार नाही. एक टक्का कमी होता.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. आणि खरं म्हणजे इथेच माझा घोटाळा झाला. कारण एक टक्का कमी आहे हे मला पटलं तेव्हा तो माझ्या शेजारी उभा होता, त्याच्या बाहीला मशीनच्या तेलाचा डाग पडला होता, आणि तो डाग मला फार आवडला होता.

शुक्रवारी पाकिटं द्यायची होती. गुरुवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आईसमोर बसले. आई वाटाणे सोलत होती. ती तीस वर्षं शाळेत गणित शिकवायची. तिच्यापुढे आकडा ठेवायला मला अजून भीती वाटते.

"आई, एकाचे तीन केलेत मी. वाढीचा दर. शेअर तीनशे सहाचा तीनशे बावन्न होतो. मालक मला खातील."

"बरोबर आहेत का तीन?"

"तेच कळत नाही. म्हणजे कारण आहे, चांगलं आहे. पण..."

"पण?"

"तिथे एक माणूस आहे."

आईने वाटाण्याची शेंग मोडली. "कसा आहे?"

"आशावादी."

"अरेरे." तिने आणखी दोन शेंगा सोलल्या. "असं कर. त्याला काढून टाक, आणि गणित पुन्हा सोडव. तेच कारण तुझ्या साहेबांनी सांगितलं असतं तर?"

मी डोळे मिटले आणि साहेबांना तपासणी विभागात उभं केलं. साहेबांच्या बाहीला तेलाचा डाग लावला. काहीही वाटलं नाही. मग त्यांच्या तोंडून म्हणवून घेतलं : लोक टॉवेल देतील, शिट्टी देत नाहीत. साहेबांनी ते अतिशय रटाळ आवाजात सांगितलं. कारण तरीही खरंच राहिलं. मी पुन्हा सगळं मांडलं. उत्तर तीनच आलं.

"झालं तर मग," आई म्हणाली. "कर सही. आणि माणसाचं काय ते वेगळ्या कागदावर सोडव."

शुक्रवारी दुपारी आम्ही सगळे वकीलकाकांच्या समोर बसलो. ताई एका टोकाला, मालक दुसऱ्या टोकाला, मध्ये आम्ही. भिंत नसल्यामुळे तो पहिल्यांदाच सबंध दिसत होता, आणि तो जरा जास्तच होता. वकीलकाका सभेत जे बोललं जाईल ते स्वतःच्या हाताने लिहून घेत. इतिवृत्त. त्यांचा त्यावर फार जीव.

त्यांनी पहिलं पाकीट फोडलं. "मालकांच्या मूल्यांकनकार. तीनशे बावन्न."

मालकांनी सावकाश माझ्याकडे मान वळवली. मला वाटलं, आता ताईंचा चार टक्क्यांचा आकडा येईल, तीनशे चौऱ्याऐंशीच्या आसपास, आणि माझा बावन्न त्यापुढे निदान स्वस्त तरी दिसेल.

"ताईंचे मूल्यांकनकार. तीनशे सत्तावीस."

बाहेर एक ट्रक मागे घेत होते, त्याचं पिंपिंपिं तेवढं ऐकू येत होतं.

"पाकिटं उलटी उघडलीत तुम्ही, काका," ताई म्हणाल्या.

काकांनी पाकिटावरची नावं वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. "सुलटीच आहेत."

मी त्याच्याकडे बघितलं. सत्तावीस म्हणजे दोन टक्के. चाराचे दोन! तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्याही डोक्यात तेच गणित चाललेलं स्पष्ट दिसत होतं : बावन्न म्हणजे तीन. मी पाच वर्षं ऑफिसात काढली आहेत. माझं म्हणणं ऐकून कोणी स्वतःचा आकडा खोडलाय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

मग एकदम सगळे बोलायला लागले. मालक म्हणाले, काका, ताईंच्या माणसाचा अहवाल अतिशय अभ्यासपूर्ण आहे, तोच घ्यावा. ताई म्हणाल्या, काका, त्याला सांगा, त्याच्या बाईंइतकी हुशार मुलगी मी पाहिलेली नाही. मालक म्हणाले, मग ठेवून घ्या म्हणावं. आपापल्या माणसाला कोणीच मागत नव्हतं.

"फरक पंचवीसचा. सात टक्के," काकांनी टेबलावर पेन आपटलं. "दहाच्या आत आहे. सरासरी तीनशे साडेएकोणचाळीस. पण त्याआधी दोघांनी सांगावं, हे असं का?"

त्याने प्रेसचं सांगितलं. नवीन यंत्रांना पैसेच ठेवले नाहीत तर चार टक्के कुठून येणार, आणि हे आपल्याला कोणी दाखवून दिलं, तेही सांगितलं. मी मावशींचं सांगितलं.

ताई ऐकत होत्या. मग आठ वर्षांत पहिल्यांदा त्या थेट मालकांकडे वळल्या. "अजून त्याच प्रेस आहेत?"

"बाबांच्याच," मालक म्हणाले. "टाकवत नाहीत गं."

काका हे लिहून घ्यायचं विसरले. मग खाकरून त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. "एक विचारावं लागतं, माफ करा. समोरासमोरच्या बाजूची दोन माणसं एकमेकांचं इतकं ऐकत नाहीत. तुम्ही दोघांनी घोषणापत्र दिलेलं आहे. तुमच्यात... काही आहे का?"

'नाही' म्हटलं असतं तर संपलं असतं. सही राहिली असती, अहवाल राहिला असता, साहेबांनी दुसरं काम दिलं असतं. मी टेबलाची कड बोटांनी धरली.

"माझ्या बाजूने आहे," तो म्हणाला. शांतपणे, जणू बसची वेळ सांगावी. "सही केली तेव्हा नव्हतं. त्यांच्या बाजूचं मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही, कारण पाकिटं बंद होती."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काकांचं पेन तयार होतं.

"आकडा मी काल तपासलाय," मी म्हणाले. "त्यांना पूर्ण काढून टाकून. आकड्याला काही झालेलं नाही..." मी टेबलाची कड सोडली. "मला झालंय."

काकांनी ते शब्दशः लिहिलं. कागदावर पेन फिरायचा आवाज इतका मोठा असतो, हे मला माहीत नव्हतं.

"मग नियम असा," ते म्हणाले. "कोणाचीही हरकत असली तर दोन्ही अहवाल बाद. तिसरा मूल्यांकनकार, सहा महिने. हरकत आहे का?"

माझी पहिली सही टेबलावर पडली होती, आणि ती वाचवण्यासारखं माझ्याजवळ आता काही नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी त्याच्याकडे बघितलं. तोही सहीकडे बघत नव्हता.

"प्रेमात पडलेली माणसं स्वतःच्या फायद्याचं बघतात," ताई हळूहळू म्हणाल्या. "ह्यांनी आपापल्याच अशिलाला बुडवलं. ह्याहून निःपक्षपाती तिसरा कुठे मिळणार?" आणि भावाला, "मिळेल का रे?"

"नाही मिळणार," मालक म्हणाले. मग काकांना, "पण मी नाराज आहे, हे लिहा."

"मीही आहे," ताई म्हणाल्या. "तेही लिहा."

काकांनी लिहिलं : हरकत नाही. नाराजी, सर्वानुमते.

खाली आलो तेव्हा पाऊस थांबून रस्ता नुसता चकाकत होता. फाटकाशी आम्ही उभे राहिलो. तीन आठवडे न थांबता बोलणारा माणूस आता छत्रीची मूठ फिरवत होता.

"बोल की," मी म्हणाले.

"तेव्हा विषय होता." तो घुटमळला. "पुढच्या पाच वर्षांचा माझा अंदाज सांगू?"

"नको. आजचं सांग."

"आज... तुझ्या बस थांब्यापर्यंत चालत यायचंय."

"माझा डावीकडे आहे. तुझा?"

"उजवीकडे."

दोघांनाही आपापल्या थांब्यावर पोचायची मुळीच घाई नव्हती, म्हणून आम्ही सरळ समोरच्या रस्त्याने निघालो. तिकडे फक्त एक पेट्रोल पंप होता. आम्ही तिथपर्यंत गेलो. बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून नीट बघितला. त्याचा हात कधी माझ्या हातात आला, ते मला पंपाच्या अलीकडे कळलं नाही, पलीकडे कळलं. मग परत आलो.

आणि पुन्हा गेलो.